बेताचा उजेड

गेल्या माघांत आमच्या पुण्याच्या घरांत समुद्र आला. समुद्र म्हणजे फार मोठा नव्हे. दोन फूट लांब, सोळा इंच रुंद व सोळा इंच उंच अशा काचेच्या टाकींत मावेल एवढाच. परंतु एकदां तो दिवाणखान्याच्या भिंतीशीं येऊन बसल्यावर, त्याच्याकडे एक नजर टाकल्याशिवाय सकाळचा चहा घेणारें माणूस घरांतल्या अकराजणांत उरलें नाहीं. या समुद्रासाठीं दिवा निवडण्याचें काम मीं आपण होऊन अंगावर घेतलें होतें. तें मीं कसें केलें आणि त्यापायीं काय शिकलों, तें येथें सांगावयाचें आहे. सांगण्यांत थोडा कमीपणा आहे खरा. पण ज्या घरांत वडीलधारीं माणसें आहेत आणि वाढतीं मुलेंही आहेत, अशा घरांत हें वाचलें जाईल म्हणून लिहितों.

टाकीचा खरा धनी माझा पुतण्या. माझा धाकटा भाऊ चार वर्षांपूर्वीं गेला, तेव्हांपासून हा मुलगा आणि त्याची आई यांच्याबद्दलची काळजी स्वाभाविकच माझ्याकडे आली. मुलगा यंदा महाविद्यालयांत गेला. अबोल, अभ्यासू आणि माझ्या शब्दाबाहेर न जाणारा. ‘अण्णाकाका सांगतील तसें’ हें त्याचें नेहमींचें उत्तर. तें ऐकून मला धन्यता वाटत असे, हें कबूल केलें पाहिजे.

खाऱ्या पाण्याच्या टाकीचा छंद त्यानें पुस्तकें वाचून पक्का केला, आणि सुरुवातीला दोन महिने नुसत्या पाण्याचीच जोपासना केली. शुद्ध केलेल्या पाण्यांत दर लिटरला सुमारें ३५ ग्रॅम समुद्री क्षार, कांहीं सच्छिद्र खडक, पाणी फिरतें ठेवणारे दोन लहान पंप, आणि मग वाट पाहणें. खडकांत उपकारक जंतु रुजेपर्यंत पाण्यांत अमोनिया आणि नायट्राइट हीं विषें सांचतात. तीं नाहींशीं झाल्याखेरीज आंत जीव सोडणें म्हणजे त्यांची हत्या करणेंच होय. आमची आई रोज विचारी, “अरे, या रिकाम्या डोहाला रोज काय पाहतोस?” तो नुसता हसे.

टाकींत कोणते जीव ठेवावयाचे, हें त्यानें आधींच ठरविलें होतें. एका दुकानदारानें त्याला दगडी प्रवाळाचा तुकडा देऊं केला आणि वर ‘कोणी विचारीत नाहीं’ असेंही सांगितलें. पण समुद्रांतील डोंगर उभारणारीं हीं सर्व दगडी प्रवाळें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत २००१ सालीं घातलेलीं आहेत. वाघाला जें संरक्षण तेंच त्यांना. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोंवतींच्या पाण्यांत अशीं प्रवाळें आहेत. तेथून कोणीं तरी खरवडून आणलेला तुकडा आपल्या दिवाणखान्यांत नको, असें म्हणून तो रिकाम्या हातानें परत आला. पुढें दुसरीकडून, पावती घेऊन, त्यानें प्रवाळांचे दोन मऊ भाऊबंद आणले. एकाला छांदिष्ट लोक मशरूम म्हणतात, कारण त्याची चकती अळंब्याच्या छत्रीसारखी दिसते. दुसरा झोॲन्थस, म्हणजे झालर लावलेल्या गुंड्यांचा जणूं एक ताटवाच. या दुसऱ्याच्या अंगीं कधीं कधीं जहाल विष असतें. म्हणून टाकींत हात घालतांना रबरी मोजे घालावयाचे आणि लहान मुलांनीं तिकडे फिरकावयाचें नाहीं, हा नियम त्यानें पहिल्याच दिवशीं भिंतीवर लावला.

आतां या जिवांना दिवा कशाला पाहिजे, असें कोणी विचारील. माझ्या घरांत तें सर्वांनींच विचारलें. हे प्राणी आहेत, झाडें नव्हेत. परंतु त्यांच्या पेशींच्या आंत अतिसूक्ष्म शैवाल वस्ती करून राहतें. तें उजेडावर अन्न तयार करतें आणि त्यांतला मोठा हिस्सा आपल्या यजमानाला देतें. मोबदल्यांत यजमान त्याला निवारा देतो, आणि आपल्या शरीरांतून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड व नत्रयुक्त द्रव्यें खत म्हणून पुरवितो. पाहुणा म्हणून यावें आणि घरच्यांनाच जेवूं घालावें, असा हा प्रकार. १९२८-२९ सालीं ऑस्ट्रेलियाच्या मोठ्या प्रवाळभित्तीवर यंग नांवाच्या शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखालीं एक ब्रिटिश तुकडी वर्षभर राहिली. तिनें कांहीं प्रवाळें उजेडांत आणि कांहीं अंधारांत ठेवून या भागीदारीचा कसून अभ्यास केला. सारांश, उजेड हें या जिवांचें अर्धेंअधिक जेवण आहे. आणि जेवण म्हटलें कीं उपास जसा वाईट तसें अजीर्णही वाईट.

घरांतून पहिली सूचना आमच्या सौभाग्यवतींची आली. “टाकी खिडकीपाशीं ठेवा. सूर्यनारायणाचा उजेड फुकट आहे.” सूचना दिसावयास सोपी होती, पण पुण्याचें चैत्रांतलें ऊन काचेंतून आंत आलें म्हणजे शंभर लिटर पाणी तापावयास वेळ लागत नाहीं, आणि या जिवांना पंचवीस ते सत्तावीस अंशांचें पाणी मानवतें. शिवाय ऊन ऋतूप्रमाणें सरकतें, आणि काचेवर हिरवें शेवाळ माजतें. तेव्हां दिवाच हवा हें ठरलें.

दिव्यांचे तीन प्रकार पुतण्यानें कागदावर मांडून आणले. पहिला मेटल हॅलाइड. यानें पाण्यावर उन्हासारखी लहर खेळते, पण तो वीज खातो आणि पाणी तापवितो. दुसरा टी-५ जातीच्या बारीक नळ्यांचा. त्यांचा उजेड सर्वत्र सारखा पसरतो आणि सांवल्या तीव्र पडत नाहींत. पण नळ्या दिसावयास चांगल्या असल्या तरी आंतून क्षीण होत जातात, आणि वर्षाकाठीं बदलाव्या लागतात. तिसरा एल.ई.डी. यांत निळा आणि पांढरा उजेड वेगवेगळा कमीजास्त करतां येतो, पाणी फारसें तापत नाहीं आणि दिवा पुष्कळ वर्षें टिकतो. तेजस्वी निळा एल.ई.डी. जपानांत १९९० नंतरच्या दशकांत सिद्ध झाला आणि त्याबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा या तिघांना २०१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें, हें मीं वर्गांत कितीदां तरी सांगितलें होतें. मीं बत्तीस वर्षें पदार्थविज्ञान शिकविलें आहे. दिव्याची निवड हा तर माझाच प्रांत!

येथेंच माझी चूक झाली. मीं दिव्यांच्या खोक्यांवरचे ल्यूमेनचे आंकडे जुळविले, दुकानांत दोन दिवे लावून डोळ्यांनीं पाहिले, आणि जो अधिक लखलखीत दिसला तो, ९५ वॅटचा, उचलला. पुतण्या एकदांच हळू आवाजांत म्हणाला, “अण्णाकाका, थोडा लहान दिवाही पुरेल बहुधा.” मीं म्हटलें, “अरे, उजेड जास्त झाला म्हणून कोणाचें बिघडलें आहे?” तो गप्प राहिला. त्याची समजूत पटली, असें मीं धरून चाललों.

ल्यूमेन हें माप माणसाच्या डोळ्याचें आहे. आपल्या डोळ्याला हिरवट पिवळा रंग सर्वांत तेजस्वी भासतो आणि गडद निळा फार मंद. त्याच हिशेबानें ल्यूमेन मोजले जातात. पण शैवालाचा डोळा आपल्यासारखा नाहीं. निर्मळ समुद्रांत तांबडा रंग पहिल्या कांहीं मीटरांतच शोषला जातो, आणि निळा सर्वांत खोल उतरतो. म्हणून प्रवाळांतील शैवालाला निळा उजेड उत्तम पचतो. सोळा इंचांच्या टाकींत पाण्यामुळें रंग फारसा गळत नाहीं हें खरें, पण आंतल्या जिवांची भूक त्यांच्या समुद्रांतलीच राहते. आपल्या डोळ्यांना जो दिवा अंधुक निळा दिसतो, तो त्यांना भरपेट असूं शकतो. म्हणून या कामीं दुसरें माप वापरतात. ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यांतले प्रकाशाचे किती कण दर सेकंदाला एका चौरस मीटरवर पडतात, तें तें मोजतें. त्याला ‘पार’ म्हणतात आणि तें मायक्रोमोलमध्यें सांगतात. भर दुपारच्या उघड्या उन्हाचें ‘पार’ दोन हजारांच्या आसपास असतें. आमच्या मशरूमना पन्नास ते शंभर पुरे होतें. हें सर्व मला ठाऊक असावयास हवें होतें. माझ्या पुतण्याला तें ठाऊक होतें.

दिवा आल्यावर त्यानें तो मुकाट्यानें चौथाई शक्तीवर ठेवला. सकाळीं दहाला लागावा आणि संध्याकाळीं सातला विझावा असा टायमर जोडला. रात्रीं टाकींत पूर्ण अंधार. दर आठवड्याला उजेड थोडासा वाढवीत जावयाचा, असा त्याचा बेत होता. तीनचार दिवसांत गुंड्या उमलल्या, मशरूमांच्या चकत्या पसरल्या, आणि मुलांनीं प्रत्येकाला नांवेंही ठेवलीं.

वैशाखांत आईचें सहस्रचंद्रदर्शन झालें. घर पाहुण्यांनीं भरलें. धाकटी बहीण इंदूरहून, मामेभाऊ बेळगांवाहून, आणखी किती तरी मंडळी. सर्वांना मीं मोठ्या अभिमानानें टाकीपाशीं नेलें. मंद निळसर उजेड पाहून कोणी तरी म्हणालें, “दिवा अंमळ बारीक आहे का?” माझा अभिमान दुखावला. मीं पुतण्याला हांक मारली आणि म्हटलें, “लाव रे पुरा. यांना पाहूं दे.” तो क्षणभर थांबला, माझ्याकडे पाहिलें, पाहुण्यांकडे पाहिलें, आणि दिवा पूर्ण शक्तीवर नेला. सगळी टाकी झळाळून उठली. वाहवा झाली. पुढें पाहुणे पांच दिवस राहिले, आणि ते पांचही दिवस सकाळीं आठपासून रात्रीं दहापर्यंत दिवा तसाच जळत राहिला. कारण मीं तसें सांगितलें होतें.

चौथ्या दिवशीं गुंड्या मिटल्या त्या उघडल्याच नाहींत. पाहुणे गेले त्या दिवशीं मशरूमांच्या चकत्या आक्रसून पैशाएवढ्या झाल्या होत्या, आणि त्यांच्या तपकिरी अंगावर पांढुरके डाग पडले होते. मीं विचारलें, “हें काय झालें रे?” तो म्हणाला, “पाणी थोडें बिघडलें असेल, अण्णाकाका.”

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. पाणी पाहण्यासाठीं म्हणून दिवाणखान्यांत आलों. टाकीशेजारीं त्याची वही असे. रोजचें तपमान, खारेपणा, दिव्याची शक्ति अशा नोंदी तो त्यांत करी. दुसऱ्याची वही वाचूं नये हें खरें. पण पाण्याचे आंकडे पाहावयाचे म्हणून मीं ती उघडली. पाण्याचे सर्व आंकडे पांचही दिवस उत्तम होते. त्याच्या खालीं बारीक अक्षरांत लिहिलें होतें: ‘उजेड फार होतो आहे. अण्णाकाकांना कसें सांगावें?’ दुसऱ्या दिवशींच्या नोंदीखालीं तेंच. तिसऱ्याही दिवशीं तेंच.

मी किती वेळ तेथें बसलों कोण जाणे. आपल्या घरांतील एक शहाणा मुलगा डोळ्यांदेखत आपल्या आवडीचे जीव होरपळूं देतो, पण काकाला ‘थांबा’ म्हणूं शकत नाहीं. वर काकाचा मान राहावा म्हणून पाण्यावर आळ घेतो! मी ज्याला आज्ञाधारकपणा समजत होतों, त्यांत भीति किती होती आणि उपकारांचें ओझें किती होतें, हें मला त्या रात्रीं प्रथमच दिसलें. भाऊ असता तर मुलानें त्याच्याशीं खुशाल वाद घातला असता. माझ्याशीं घातला नाहीं, कारण मी काका. मीं त्याला घर दिलें, पण त्या घरांत मोठ्यानें बोलावयाचा हक्क आहे हें कधीं सांगितलें नाहीं.

सकाळीं आईला सर्व सांगितलें. ती म्हणाली, “सावलींतलें रोप एकदम उन्हांत ठेवलें तर करपतें. आधीं कोवळें ऊन, मग अधिक. हें तुम्हां शिकलेल्यांना कोणीं सांगायचें?” थोडी थांबून ती पुढें म्हणाली, “आणि पोराला विचारलें असतेंस तर त्यानें सांगितलें असतें.” मला म्हणावेसें वाटलें कीं त्यानें सांगितलें होतें, एकदां, दुकानांत. पण तें म्हणणेंही माझ्याच पदरीं दोष घालणारें होतें.

रात्रीं सर्व मंडळी जेवावयास बसलीं असतां मीं सांगितलें, “टाकींतलें पाणी बिघडलें नव्हतें. दिवा मीं चुकीचा घेतला, चुकीचा लावावयास सांगितला. त्याला तें माहीत होतें. यापुढें टाकीच्या बाबतींत तो सांगेल तसें.” मुलगा खालीं मान घालून भात कालवीत राहिला. त्याच्या आईनें पदर डोळ्यांना लावला. कोणी कांहीं बोललें नाहीं. मीं एवढेंच आणखी म्हटलें, “आणि टाकीच्या बाहेरही, मी चुकतों आहें असें दिसलें तर सांगत जा.”

दुसऱ्या दिवशीं त्यानें आपल्या ओळखीच्या एका छांदिष्टाकडून ‘पार’ मोजण्याचें यंत्र आणलें, आणि आम्ही दोघे टाकीपाशीं बसलों. पूर्ण शक्तीवर खडकाच्या माथ्यावर ४१०, मध्यावर २६०, तळाच्या वाळूवर १४०. मशरूम मध्यावर होते. चौथाई शक्तीवर त्यांना ६५ च्या आसपास उजेड नऊ तास मिळत होता, म्हणजे दिवसाला सुमारें २.१ मोल. पाहुण्यांच्या दिवसांत २६० चा उजेड चौदा तास. म्हणजे १३ मोल, सहा पटींहून अधिक, तोही एका दिवसांत वाढविलेला! इतका उजेड शैवालाला पचत नाहीं. त्याच्या कार्याची घडी बिघडते, पेशींत प्राणवायूचीं दाहक रूपें तयार होतात, आणि अखेर यजमान आपल्या पाहुण्याला बाहेर काढतो. रंग शैवालाचा, म्हणून तें गेलें कीं अंग पांढरें पडतें. समुद्राचें पाणी फार तापलें म्हणजेही हेंच घडतें. लक्षद्वीपच्या प्रवाळांनीं हें संकट १९९८, २०१० आणि २०१६ सालीं मोठ्या प्रमाणावर भोगलें. पांढरें पडणें म्हणजे लगेच मरण नव्हे, तो उपास असतो. वेळीं आवरलें तर शैवाल पुन्हां वस्तीला येतें.

आम्हीं दिवा आठ इंच उंच उचलला, शक्ति कमी केली आणि मशरूमांवर ५० चा उजेड ठेवला. मग दर आठवड्याला सुमारें एकदशांश वाढवीत गेलों. सातांपैकीं दोन मशरूम गेले. उरलेले आषाढांत पसरूं लागले, श्रावणांत त्यांचा रंग परतला. गुंड्या मात्र तीन आठवड्यांतच उमलल्या. आतां मशरूमांवर ९० चा उजेड रोज नऊ तास पडतो, आणि त्यांत ते सुखी आहेत.

ज्यांना असा छंद करावयाचा असेल त्यांच्यासाठीं आमच्या अनुभवाचें सार देतों. दिवा घेतांना ल्यूमेन किंवा वॅट पाहूं नयेत. आपल्या टाकीच्या लांबीरुंदीवर आणि खोलीवर त्याचें ‘पार’ किती उतरतें तें विचारावें. शक्ति कमीजास्त करतां येणारा दिवा घ्यावा; निळा आणि पांढरा वेगळा सांभाळतां आला तर उत्तम. उजेड एका ठिपक्यांतून न येतां पसरून यावा. सुरुवात चौथाईनें करावी. आठ ते दहा तास पुरेत; रात्र ती रात्रच असूं द्यावी. विजेचा हिशेबही वाईट नाहीं: ९५ वॅटचा आमचा दिवा नऊ तास पूर्ण जळता तर महिन्याला सुमारें २६ युनिटें खाता, निम्म्याहून कमी शक्तीवर तो त्याच्या निम्म्याहून कमीच खातो. आणि अखेरचा निवाडा त्या जिवांचाच. ते उंच मान करून ताणूं लागले, गडद तपकिरी झाले, तर त्यांना उजेड कमी पडतो आहे. आक्रसले, फिके पडले, तर जास्त होतो आहे. त्यांना वाचा नाहीं. म्हणून पाहणाऱ्यानें रोज पाहावें.

ज्यांना वाचा आहे, त्यांचें पाहणें अधिक अवघड असतें, असें मला आतां वाटूं लागलें आहे.

दिवाळीच्या आधीं घरासाठीं नवा इन्व्हर्टर घ्यावयाचा होता. मीं कागदावर सर्व हिशेब मांडला, कोणता घ्यावयाचा तें ठरविलें, आणि जेवणाच्या वेळीं जाहीर केलें. पुतण्यानें कागद हातांत घेतला, दोनदां वाचला. त्याचे कान लाल झाले. मग तो म्हणाला, “अण्णाकाका, तुमचा हिशेब चुकला आहे. पाण्याचा पंप तुम्हीं दोनदां धरला आहे.”

मीं कागद परत घेऊन पाहिला. पंप खरोखरच दोनदां धरला होता. आई ताटावरून मान वर न करतां म्हणाली, “चला, पोराला कंठ फुटला एकदांचा!” मीं हिशेब दुरुस्त केला, आणि लहान इन्व्हर्टर घेतला.